सूड : पाचपैकी पाच

घरात तिला भडका म्हणायला लागून चार महिने झाले होते. त्याआधी ती साधी 'आपली धाकटी' होती. भडका हे नाव पडलं ते मोठ्या काकूच्या कृपेने.

झालं असं की, बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्या बाबांची सुट्टी सलग तिसऱ्यांदा रद्द झाली. आईने ते भाजी निवडता निवडता सांगितलं आणि ती हॉस्पिटलात ड्यूटीला निघून गेली. नर्सच्या ड्यूटीला घरातलं रडगाणं चालत नाही. मागे राहिलेल्या सोळा वर्षांच्या पोरीने आधी एक बशी फोडली, मग दोन, मग डब्याचं झाकण खिडकीवर भिरकावलं आणि शेवटी भिंतीवरचं घड्याळ खाली आपटलं. आवाज ऐकून समोरच्या दारातून काकू धावत आली. काकू पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवून द्यायची, त्यामुळे गळ्यात टेप कायमची. दुसऱ्या कुणी पोरीला जवळ घेतलं असतं, नाहीतर एक ठेवून दिली असती. काकूने फोन काढला. दारात उभी राहून एक मिनिट चाळीस सेकंद शूटिंग केलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर त्रेचाळीस माणसं. वर लिहिलं, 'बघा आपल्या लाडक्या लेकीचे प्रताप!'

त्रेचाळीस माणसांना दुसरा उद्योग नव्हता. हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारे पिवळे चेहरे रांगेने आले. एका आतेभावाने त्यावर ढोलाचा आवाज चढवला. आत्याने लिहिलं, 'अगं, हा तर भडका!' आणि नाव चिकटलं. आतेभावाच्या मित्राची बहीण तिच्याच शाळेत होती, त्यामुळे तिसऱ्या दिवशी व्हिडिओ वर्गात पोहोचला. मधल्या सुट्टीत मुलं बशी फोडल्याचा अभिनय करायला लागली. तिने शाळेत जाणं बंद केलं. सतरा दिवस ती घरातून हलली नाही. त्या सतरा दिवसांत तिने एकच गोष्ट ठरवली. काकूला आपण तशी दाखवणार. तशीच, तितकीच वेडीपिशी, त्याच त्रेचाळीस माणसांना.

शाळेने तिला परत घ्यायला अट घातली. मोठाल्या भावना सांभाळायला शिकवणारा एक वर्ग दर शनिवारी भरतो, तिथे जायचं. आता त्या वर्गाची पद्धत ऐका. मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस बसलंच पाहिजे, आणि बसून नुसत्या जांभया द्यायच्या नाहीत. मुलाने जे शिकायचं ते मोठ्यानेही शिकायचं, तोच तक्ता भरायचा, तोच गृहपाठ करायचा. बाबा समुद्रात. आईची शनिवारची ड्यूटी बदलून मिळेना. काका बिचारे विचारलं की भिंतीकडे बघतात. राहता राहिली कोण?

"मी जाते की," काकू म्हणाली. "पोरीसाठी एवढं नाही करायचं तर काय करायचं?"

भडक्याच्या हातातला पेला त्या वेळी स्टीलचा होता म्हणून वाचला.

वर्ग एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरायचा. खाली दातांचं काम चालायचं, त्यामुळे आत कुणी मन मोकळं करायला लागलं की खालून ड्रिलची घरघर साथीला. गोलात दहा खुर्च्या. दाराशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, सगळ्यांनी फोन त्यात टाकायचे. कोपऱ्यात बर्फाच्या पाण्याचं घमेलं, डोकं फारच तापलं तर त्यात तोंड बुडवायला. वर्ग घेणाऱ्या ताई ठेंगण्या, शांत, आणि भलत्याच चिवट होत्या. त्यांना खोटं बोललेलं चालायचं, पण त्या तेच पुन्हा विचारायच्या. तीनदा विचारलं की माणूस आपसूक खरं बोलायचं.

तक्ता असा. आठवड्याचे सात दिवस, आणि समोर राग, दुःख, लाज, भीती. प्रत्येकाला शून्य ते पाच आकडा द्यायचा. खाली दोन रिकाम्या ओळी, आपली आपण भरायची: 'काय करून टाकावंसं वाटलं?' आणि 'केलं का?'

पहिल्याच शनिवारी भडक्याने लिहिलं, 'सूड. पाच.' पुढे लिहिलं, 'केला नाही.'

ताईंनी तक्ता वाचला. कुणावर सूड, हे विचारलं नाही. तक्ता ज्याचा त्याचा, शेजारी बसलेल्या मोठ्या माणसालाही तो दिसत नसे. ताई म्हणाल्या, "ऐका सगळे. हिला या आठवड्यात एक गोष्ट पाचपैकी पाच करावीशी वाटत होती आणि हिने ती केली नाही. हे सगळ्यांत अवघड काम आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टोपीत तोंड लपवून बसणाऱ्या मुलीने वाजवल्या, तिच्या बस चालवणाऱ्या बाबांनी दणक्यात वाजवल्या. आणि काकूनेही वाजवल्या. शेजारी बसून, पोरीकडे कौतुकाने बघत.

असं सलग सहा शनिवार झालं. सूड पाच, केला नाही, टाळ्या. कुणाच्या डोक्यात आलं नाही की ही पोर सूड आवरत नाहीये, मुरवतेय.

आणि शिकली ती सगळ्यांपेक्षा चांगली. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. राग आला की त्याला आधी नुसतं बघायचं, त्याचं नाव घ्यायचं, मग हात हलवायचा. आवाज मुद्दाम हळू करायचा, मूठ मुद्दाम उघडी ठेवायची, म्हणजे अंगाला वाटतं काही झालंच नाही. समोरच्याकडून आपल्याला नेमकं काय हवंय ते आधी ठरवायचं आणि त्याला धरून राहायचं. ताई हे शिकवत होत्या घरं सांभाळायला. भडका वहीत उतरवून घेत होती आणि मनात म्हणत होती, वा! बश्या फोडणारी पोर कुणाचं काय वाकडं करणार? हातच थरथरायचे तिचे. आता थरथरत नव्हते.

सातव्या शनिवारी साखळीचा धडा होता. ज्याच्याकडून आठवड्यात काही विपरीत घडलं, त्याने ते कडीकडीने मांडायचं. आधी काय झालं, मग काय, त्याआधी काय. काकूने हात वर केला. एका गिऱ्हाइकाच्या अंगावर तिने पडदा फेकून दिला होता.

"शिवण वाकडी गेली होती," काकू म्हणाली. "माझीच चूक. पण ती बाई पडदा उचलून कापडाच्या दुकानातल्या चौघांना दाखवायला लागली. बघा, बघा म्हणून. मग माझं डोकंच गेलं."

"वाकड्या शिवणीने गेलं की बघा म्हटल्याने?" ताईंनी विचारलं.

"बघा म्हटल्याने."

"असं पूर्वी कधी झालं होतं?"

"नाही."

ताईंनी पुन्हा विचारलं. काकू टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. वर्गातही ती टेप गळ्यातच असायची. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती जमिनीकडे बघून बोलली.

"लहानपणी मी फार आदळआपट करायची. तशी मी रडायला-ओरडायला लागले की आमचे वडील घराच्या खिडक्या उघडायचे. सगळ्या. आणि शेजाऱ्यांना हाका मारायचे, या हो, फुकटचा खेळ आहे. लोक यायचे. कठड्याला टेकून बघायचे. मी थांबायला बघायची, पण लोक बघायला लागले की थांबता येत नाही."

खालचं ड्रिल नेमकं त्याच वेळी बंद होतं. बस चालवणाऱ्या बाबांनी डोळे पुसले.

भडक्यालाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगायचं? एक क्षणभर तिला ती कठड्याला टेकलेली माणसं दिसली आणि मधे उभी असलेली परकरातली पोर दिसली. मग तिच्या मनात दुसरी गोष्ट आली. म्हणजे हिला माहीत होतं. कसं वाटतं ते हिला अंगावरच्या डागासारखं माहीत होतं, आणि तरी ही दारात उभी राहून शूटिंग करत होती. अडाण्याने केलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. त्या शनिवारी तिने तक्त्यावर पाचाच्या भोवती दोनदा गोल केला.

त्याच वेळी तिला कळलं की काकूचं डोकं फिरवायला कुठे टिचकी मारायची.

पुढच्या रविवारी काका कामावरून निवृत्त झाले म्हणून घरची माणसं दुपारी चहाला येणार होती. काकूने दिवाणखान्यासाठी नवे पडदे शिवायला काढले होते, गर्द निळे, जाड कापडाचे, चार. आठवडाभर मशीन चालू होतं. गुरुवारी तिने भडक्याला हाक मारली.

"खालची दुमड हाताने घालायचीय गं. तुझे टाके बारीक येतात. घालशील?"

"घालेन की," भडका म्हणाली. हळू आवाजात, मूठ उघडी ठेवून.

दोघी दोन दिवस शेजारी बसून टाके घालत होत्या. काकू गुणगुणत होती. मध्येच म्हणाली, "वर्गाचा फरक पडलाय हं तुला. केवढी शांत झालीस." शुक्रवारी काकूने चारही पडद्यांना टेप लावून बघितली आणि समाधानाने मान हलवली. शनिवारी वर्गाहून आल्यावर काकू बाजारात गेली. तेव्हा भडक्याने काकूने घातलेली एका पडद्याची दुमड उसवली, दोन बोटं वर घेतली आणि पुन्हा टाके घातले. पहिल्यापेक्षा बारीक.

रविवारी चौदा माणसं आली. भडक्याने आधीच फोन टीव्हीशेजारी, फोटोच्या फ्रेमच्या आडोशाला उभा करून ठेवला होता. सगळ्यांच्या हातात कप आल्यावर ती उठली आणि जाता जाता शूटिंग चालू केलं.

"काकू, हा एक पडदा वर गेलाय का गं?"

"छे. मोजलेत मी."

"नाही, जरा वाटतोय." आणि आत्याकडे वळून, गोड आवाजात, "आत्या, तू बघ ना."

आत्याला असली कामं फार आवडतात. ती उठून आली. "अय्या, खरंच की! चांगला दोन बोटं!" आतेभाऊ आला. काका आले आणि सवयीने भिंतीकडे बघायला लागले. काकूने गळ्यातली टेप काढून लावली, वाकून टाके बघितले, पुन्हा लावली. तिचे कान लाल झाले.

"शुक्रवारी बरोबर होता," ती म्हणाली.

"पडदा रात्रीतून आक्रसला म्हणायचा!" आत्या म्हणाली आणि सगळे हसले.

भडक्याने श्वास घेतला, चार आत, सहा बाहेर. मग ती म्हणाली, "फार उकडतंय, नाही?" आणि खिडकी उघडली. दुसरी उघडली. तिसरी उघडताना समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईला हात करून म्हणाली, "काकूंचे नवे पडदे बघा हो!"

काकूच्या हातून टेप गळून पडली. तिने भडक्याकडे बघितलं. फक्त एकदा. मग तिने पडदा दोन्ही हातांनी धरून असा ओढला की दांडी भिंतीतून उखडून टीपॉयवर आली, कप गेले, चहा आत्याच्या साडीवर गेला. काकू किंचाळत होती, निघा, सगळे निघा, काय बघताय, तुमच्या बापाचा खेळ आहे का! रडत होती आणि पडद्याला लाथा मारत होती. कुणी पुढे झालं नाही. कुणीच होत नाही. समोरच्या गॅलरीत आता तीन बायका होत्या.

व्हिडिओ एक मिनिट बावन्न सेकंदांचा भरला. पोरीच्या व्हिडिओपेक्षा बारा सेकंद जास्त. संध्याकाळी तिने तो ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'बघा आपल्या लाडक्या काकूंचे प्रताप!'

पिवळे चेहरे आले. तेच लोक, तसेच. आतेभावाने अर्ध्या तासात ढोल चढवला. भडका बिछान्यावर आडवी पडून एकेक चेहरा मोजत होती आणि तिला इतकं बरं वाटत होतं, इतकं बरं, की चार महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली. आईने ड्यूटीवरून येऊन व्हिडिओ बघितला आणि विचारलं, "हे तू टाकलंस?" भडका हो म्हणाली. आई तशीच बाहेर गेली. तिने समोरच्या दाराची घंटी वाजवली. दार उघडलं नाही.

आठवडाभर समोरच्या घरातून मशीनचा आवाज आला नाही. सोमवारी भडक्याला वाटलं, बरं झालं. बुधवारी वाटलं, अजून चार दिवस राहू दे असंच. शुक्रवारी ती दाराला कान लावून उभी होती आणि आपण असं का करतोय हे तिला सांगता आलं नसतं.

शनिवारी काकू येणार नाही हे ती धरूनच चालली होती. वर्गात शिरली तर काकू आधीच खुर्चीत बसलेली. गळ्यात टेप नव्हती. तिचा गळा उघडा उघडा, म्हातारा दिसत होता.

"माझी साखळी आहे," काकू म्हणाली.

पद्धत अशी की साखळी मांडणाऱ्याला प्रश्न विचारायचे ते त्याच्या जोडीदाराने. प्रश्न छापलेले असतात, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. ताईंनी कागद भडक्याच्या हातात दिला. ताईंना काही माहीत नव्हतं. किंवा होतं, त्यांचं कळायचं नाही.

काकू कागदावरून वाचायला लागली. "पहिली कडी. गुरुवारी मी दुमड घालायला मदत मागितली."

भडक्याने छापील प्रश्न वाचला. "त्या वेळी जवळ कोण होतं?"

"तू."

"दुसरी कडी. शुक्रवारी मी मोजलं. चारही सारखे होते," काकू पुढे वाचत होती.

"त्या वेळी जवळ कोण होतं?"

"तू."

"तिसरी. रविवारी एक आखूड निघाला. मी खाली वाकून टाके बघितले. त्याची दुमड मी घातली होती, पण टाके माझे नव्हते, फार बारीक होते. कुणाचे ते मला तिथेच कळलं," काकू म्हणाली.

भडक्याने कागदाची घडी घातली. ताई म्हणाल्या, "प्रश्न."

"जवळ कोण होतं?"

"तू. चौथी. खिडक्या उघडल्या." काकूने कागद खाली ठेवला. "खिडक्यांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. लग्नाच्या बत्तीस वर्षांत एकदाच सांगितलं, याच खोलीत. प्रश्न विचार."

टोपीवाल्या मुलीने टोपी मागे सारली होती. ती भडक्याकडे बघत होती, आणि टाळ्या वाजवल्या होत्या तशी मुळीच बघत नव्हती.

"जवळ कोण होतं?" भडका म्हणाली.

"तू होतीस," काकू म्हणाली. "ओरडले ते मीच. दांडी मीच उखडली. ते मी कुणावर ढकलत नाही. पाचवी कडी. बाथरूममध्ये जाऊन मी कडी लावून बसले. अंधार पडेपर्यंत. तिथे जवळ कोणी नव्हतं, तो प्रश्न राहू दे."

भडका श्वास मोजायला गेली आणि तिला आकडे आठवेनात. जे तोंडून निघालं ते कागदावर छापलेलं नव्हतं.

"मग माझ्या वेळी?" ती ओरडली. "माझ्या वेळी जवळ कोण होतं? सांग ना! मी बश्या फोडत होते तेव्हा दारात कोण होतं?"

खालचं ड्रिल घरघरत होतं. ताई मधे पडल्या नाहीत.

"मी," काकू म्हणाली.

मग तीच म्हणाली, "माफी मी आज मागणार नाही. आज मागितली तर हरून मागितल्यासारखी होईल. आणि तूही मागू नकोस, मला ती घेता येणार नाही. मला अजून तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटतेय."

"किती?" ताईंनी विचारलं.

"पाच."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

परत येताना दोघी बसमध्ये शेजारी बसल्या, कारण दुसरी जागा नव्हती. भडक्याने फोन काढला. ग्रुप उघडला, आपला व्हिडिओ शोधला आणि त्यावर बोट दाबून धरलं. सगळ्यांच्या फोनवरून काढायची सोय दोन दिवसच असते. सहा दिवस झाले होते. फक्त स्वतःच्या फोनवरून काढता येत होतं. तिने पुन्हा बोट दाबलं, पुन्हा दाबलं.

"नाही निघत," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी बघितलं होतं करून. तुझा."

"कधी?"

"तू शाळेत जायचं बंद केलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी. उशीर झाला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कोणत्या तोंडाने?"

भडक्याच्या हातातला फोन थरथरला. ग्रुपवर कुणीतरी पुन्हा एक हसणारा पिवळा चेहरा टाकला होता. कोणाच्या व्हिडिओवर, ते उघडून बघायची दोघींपैकी एकीचीही हिंमत झाली नाही.